तपास पोलिसांच्या हातून निघाला तेव्हा : सिंगापूरने लाचखोरीला घातलेला आळा

१८१९ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्सने सिंगापूर बेटावर ईस्ट इंडिया कंपनीची वखार घातली, ती खुले बंदर म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात नव्हती आणि आसपासच्या समुद्रातली गलबते तिकडे वळली ती याच कारणाने. पण जकात नाही म्हटल्यावर कारभाराचा खर्च भागवायचा कशातून, हा पेच पहिल्यापासून होता. तो सुटला मक्त्यांनी. अफू शिजवून विकण्याचा, दारू विकण्याचा, जुगाराचे अड्डे चालवण्याचा हक्क सरकार लिलावात काढी आणि मक्तेदार ठरलेली रक्कम भरून लोकांकडून ती वसूल करी. जुगाराचा मक्ता १८२९ मध्ये बंद झाला. अफूचा १९०९ पर्यंत टिकला आणि त्यानंतर ती विक्री सरकारनेच आपल्याकडे घेतली. एकोणिसाव्या शतकात वसाहतीच्या महसुलाचा फार मोठा वाटा, काही वर्षी जवळजवळ निम्मा, या एकाच व्यसनातून येत होता.

जुगार कायद्याने बंद झाला तरी जुगारी होते तिथेच होते. घरदार दक्षिण चीनमध्ये ठेवून हमालीसाठी आलेले हजारो मजूर, त्यांना कर्ज देणारे, त्यांच्यावर हुकमत चालवणाऱ्या गुप्त टोळ्या, असे सगळे या अड्ड्यांभोवती गोळा झाले. अड्डा उघडा राहायचा तर गस्तीवरच्या शिपायाने पाहून न पाहिल्यासारखे करायला हवे, आणि त्या डोळेझाकीचा दर ठरायला वेळ लागला नाही. पोलीस दलाची रचनाही या व्यवहाराच्या सोयीची होती. वर मूठभर युरोपीय इन्स्पेक्टर, खाली तुटपुंज्या पगारावरचे मलय आणि भारतीय शिपाई, १८८१ पासून त्यांच्या जोडीला पंजाबातून आणलेली शिखांची तुकडी. शहरात बहुसंख्य असलेल्या चिनी लोकांच्या बोली यांतल्या फारच थोड्यांना समजत. त्यामुळे खबरे आणि दुभाषे यांच्यावर सगळी भिस्त असे, आणि अड्डेवाल्याची माणसे नेमकी याच फटीतून पोलीस ठाण्यापर्यंत पोचत.

१८७९ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाला युरोपीय इन्स्पेक्टरांपासून शिपायांपर्यंत लाचखोरी पसरलेली आढळली. १८८६ च्या आयोगाने सिंगापूर आणि पिनांग या दोन्ही ठिकाणच्या पोलिसांबद्दल तेच लिहिले. राज्यशास्त्रज्ञ जॉन क्वाह यांनी ‘स्ट्रेट्स टाइम्स’ या वृत्तपत्रात १८४५ ते १९२१ या काळात छापून आलेली पोलिसांच्या भ्रष्ट वर्तनाची १७२ प्रकरणे तपासली, तेव्हा त्यांतली १०९ निखळ लाचेची निघाली. वर्तमानपत्रापर्यंत पोचलेली ही प्रकरणे एकूण व्यवहाराचा किती लहान तुकडा असतील, हे हप्त्याची रीत माहीत असलेल्या कोणालाही कळेल. देणारा आणि घेणारा दोघेही खूश असतील, तर तक्रार करणार कोण?

कायदा नव्हता असे मात्र नाही. १८६७ पर्यंत सिंगापूरचा कारभार कोलकात्याहून चाले आणि लंडनच्या वसाहत खात्याकडे गेल्यानंतरही कायद्याचा साचा भारतातलाच राहिला. सिंगापूर ज्या वसाहतीत होते त्या स्ट्रेट्स सेटलमेंट्सची १८७१ ची दंड संहिता १८६० च्या भारतीय दंड संहितेवर बेतलेली होती. सरकारी नोकराच्या लाचखोरीची कलमे १६१ ते १६५ या क्रमांकांसकट तिथे गेली. महाराष्ट्रातल्या जुन्या वकिलांना आणि पोलिसांना हे आकडे तोंडपाठ असत. भारतात ही कलमे दंड संहितेतून १९८८ मध्ये काढून वेगळ्या कायद्यात घेतली गेली. सिंगापूरच्या संहितेत कलम १६५ अजून आहे.

लाचखोरीवरचा खास कायदा यायला १९३७ उजाडले. तो बारा कलमांचा होता आणि फार दुबळा होता. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय कोणाला अटक करता येत नसे. ज्या गुन्ह्याचा पुरावा नोटांच्या पुडक्यात असतो आणि ते पुडके पाच मिनिटांत हातावेगळे होते, त्याच्या तपासासाठी ही अटच घातक होती. अंमलबजावणी गुन्हे अन्वेषण विभागातल्या एका लहान शाखेकडे दिली गेली. त्या विभागाच्या सोळा कामांपैकी हे एक. खून, दरोडे आणि अपहरणे यांच्या फायली टेबलावर पडलेल्या असताना लाचेच्या तक्रारीला हात लावायला माणूस मिळत नसे. पण खरी अडचण मनुष्यबळाची नव्हती. सर्वांत जास्त तक्रारी पोलिसांविरुद्ध होत्या आणि त्यांची चौकशी करणारे त्यांचेच सहकारी होते. त्याच साहेबाच्या हाताखालचे, आणि उद्या बदली झाली तर त्याच ठाण्यात जाऊन बसणारे.

जपानी अमलाच्या साडेतीन वर्षांत (१९४२-४५) परिस्थिती आणखी चिघळली. जपानी चलनाची किंमत मातीमोल झाली, पगारात पोट भरेना, आणि काळाबाजार हेच जगण्याचे साधन बनले. युद्धानंतर आलेल्या ब्रिटिश लष्करी प्रशासनाच्या काळातही धान्य आणि औषधे वशिल्याने आणि पैशानेच मिळत. याच वेळी ब्रिटिशांनी एक मोठा बदल केला. सव्वाशे वर्षे स्वतःच्या तिजोरीसाठी विकलेली अफू त्यांनी १९४६ मध्ये बेकायदा ठरवली. निर्णय योग्य होता, पण व्यसनी लोक एका दिवसात व्यसनमुक्त झाले नाहीत. अफूचा भाव चढला, चोरट्या आयातीत प्रचंड नफा आला, आणि शतकापूर्वी जुगाराच्या बाबतीत झाले तेच आता अफूच्या बाबतीत झाले. पोलिसांच्या डोळेझाकीला नवे गिऱ्हाईक मिळाले.

ऑक्टोबर १९५१ मध्ये बेटाच्या ईशान्य टोकाला, पुंगोलच्या किनाऱ्यावर, चोरून आणलेली अफू लुटली गेली. १,८०० पौंड, म्हणजे आठशे किलोंहून अधिक माल, किंमत सुमारे चार लाख डॉलर. चोरावर मोर झालेल्या या टोळीत तीन पोलीस डिटेक्टिव्ह होते. प्रकरण पोलिसांच्याच भ्रष्टाचारविरोधी शाखेकडे गेले आणि तिथे ते पुढे सरकेना. शेवटी सरकारने वेगळे पथक नेमले. त्या पथकाला आढळले की गोष्ट तीन डिटेक्टिव्हांवर थांबत नाही. अफू आयात करणाऱ्यांशी काही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचेही लागेबांधे होते. एवढे कळूनही हाती आले ते थोडेच. एक असिस्टंट सुपरिंटेंडंट बडतर्फ झाला आणि दुसऱ्या एका अधिकाऱ्याला निवृत्त करण्यात आले. इतरांपर्यंत पोचेल असा पुरावा उरला नव्हता.

लुटीपेक्षा हा तपासच सरकारला जास्त बोचला. पोलिसांचा तपास पोलिसांनी केला तर काय होते, याचा इतका ठसठशीत नमुना पुन्हा मिळाला नसता. १९५२ मध्ये भ्रष्टाचाराचा तपास पोलीस दलातून काढून ‘करप्ट प्रॅक्टिसेस इन्व्हेस्टिगेशन ब्यूरो’ या स्वतंत्र संस्थेकडे सोपवण्यात आला. सिंगापूरच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचा पाया हा निर्णय आहे. तो एका वसाहती सरकारने नाइलाजाने घेतला आणि त्या वेळी त्याचा फारसा गाजावाजाही झाला नाही.

या एका बदलाची किंमत हाँगकाँगकडे पाहिले की कळते. तीही ब्रिटिश वसाहत, तेही बंदर, तिथेही चिनी वस्ती आणि हप्त्यांवर पोसलेले पोलीस दल. हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांचे पथक १९६८ मध्ये सिंगापूर आणि सिलोन इथले कायदे पाहून गेले आणि १९७१ मध्ये तिथे कडक कायदा झाला. पण तपास पोलिसांकडेच ठेवण्याचा आग्रह पोलीस दलाने सोडला नाही. १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी बेहिशेबी संपत्तीची चौकशी चालू असताना स्वतःच्या पोलीस ओळखपत्राच्या बळावर विमानतळातून निघून गेला आणि रस्त्यावर संतापाचा आगडोंब उसळला. तेव्हा कुठे फेब्रुवारी १९७४ मध्ये स्वतंत्र आयोग आला. १९७७ मध्ये पोलीस शिपाई त्या आयोगाच्या कार्यालयात घुसले, मारहाण झाली, आणि गव्हर्नरला जुन्या गुन्ह्यांना बहुतांशी माफी जाहीर करावी लागली. सिंगापूरने हे काम बावीस वर्षे आधी केले होते.

नव्या ब्यूरोची पहिली सात-आठ वर्षे मात्र निष्प्रभ गेली. माणसे मोजकी, आणि त्यांतले बरेच जण पोलीस दलातूनच प्रतिनियुक्तीवर आलेले. मुदत संपली की त्यांना परत तिथेच जायचे होते. कायदा १९३७ चाच होता. लोकांना साहेबाविरुद्ध तक्रार देण्याची भीती वाटे, आणि तक्रारीचा काही उपयोग होईल हा भरवसाही नव्हता. राज्यकर्त्यांची स्थितीही वेगळी नव्हती. १९५९ च्या आरंभी उघड झाले की शिक्षणमंत्री च्यू स्वी की यांच्या खात्यावर परदेशातून सुमारे आठ लाख डॉलर आले आहेत. मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. विरोधी पीपल्स ॲक्शन पार्टीने हे प्रकरण लावून धरले आणि मेमधल्या निवडणुकीत ५१ पैकी ४३ जागा जिंकल्या. ५ जून रोजी नवे पंतप्रधान ली क्वान यू आणि त्यांचे सहकारी पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालून शपथविधीला उभे राहिले. पांढरा रंग स्वच्छ कारभाराची खूण म्हणून निवडलेला होता.

इथे घटनांचा क्रम नीट पाहायला हवा, कारण सिंगापूरबद्दलचा सर्वांत रूढ समज या क्रमाशी जुळत नाही. तिथल्या अधिकाऱ्यांना गलेलठ्ठ पगार मिळतात म्हणून ते लाच घेत नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. १९५९ मध्ये नव्या सरकारने केले ते याच्या उलट. तिजोरी रिकामी होती, माणशी वार्षिक उत्पन्न साडेचारशे अमेरिकी डॉलरच्या आत होते, बेकारी प्रचंड होती. सत्तेवर आल्याबरोबर सरकारने नोकरवर्गाच्या भत्त्यांना कात्री लावली. ती कपात मागे घेतली गेली १९६१ मध्ये. म्हणजे लाचेविरुद्धचा कडक कायदा आला तेव्हा सरकारी नोकराच्या हातात येणारा पैसा कमी झालेला होता. पगार वाढवून मोह कमी करायचा, हा मार्ग गरीब देशाला परवडणारा नव्हता. मग उरला दुसरा मार्ग. लाच घेतली तर पकडले जाण्याची खात्री आणि शिक्षेची जबर किंमत, ही दोन्ही वाढवणे.

जून १९६० मध्ये ‘प्रिव्हेन्शन ऑफ करप्शन ॲक्ट’ अमलात आला. जुन्या कायद्यातल्या बारांऐवजी यात बत्तीस कलमे होती. कमाल शिक्षा पाच वर्षांवर गेली. संसद, सार्वजनिक संस्था आणि सरकारी कंत्राटे यांच्याशी संबंध असेल तर सात वर्षे. ब्यूरोच्या अधिकाऱ्यांना वॉरंटशिवाय अटक करण्याचा, झडती घेण्याचा आणि सरकारी वकिलाच्या परवानगीने बँकेची खाती तपासण्याचा अधिकार मिळाला. पत्नी, मुले किंवा हस्तक यांच्या नावावरचा पैसाही त्यातून सुटत नव्हता. घेतलेली लाच दंडाच्या रूपाने परत भरण्याची तरतूद वेगळी. तक्रारदाराचे नाव न्यायालयातही उघड होऊ नये, यासाठी स्वतंत्र कलम घातले गेले. तक्रार करायला लोक का घाबरतात, हे कायदा लिहिणाऱ्यांना बरोबर ठाऊक होते.

यातली तीन कलमे विशेष महत्त्वाची आहेत. एक, सरकारशी काम पडलेल्या माणसाकडून सरकारी नोकराने काही स्वीकारले असेल, तर ती लाचच होती असे न्यायालय गृहीत धरेल. ती नव्हती हे सिद्ध करायचे आरोपीने. दोन, उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता आरोपीकडे सापडली आणि तिचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर तो लाचेच्या आरोपाला बळकटी देणारा पुरावा धरला जाईल. आणि तीन, अमुक धंद्यात किंवा अमुक समाजात असे देण्याघेण्याचा रिवाज आहे, हा बचाव चालणार नाही. चिनी नववर्षाला लाल पाकिटातून पैसे देण्याची रीत त्या समाजात घरोघर आहे. हाताखालच्याने वरच्याला, दुकानदाराने इन्स्पेक्टरला सणाच्या निमित्ताने काही दिले तर त्यात वावगे काय, असे म्हणणे सहज शक्य होते. कायद्याने ती पळवाट बंद केली.

१९६६ मध्ये कायदा आणखी आवळला गेला. लाच घेण्याचे कबूल केले पण प्रत्यक्षात पैसे हाती आले नाहीत, किंवा लाच घेतली पण ते काम करण्याचा अधिकारच नव्हता, तरी गुन्हा पूर्ण मानला जाऊ लागला. सिंगापूरच्या नागरिकाने परदेशात केलेली लाचखोरीही देशात केल्यासारखीच शिक्षेस पात्र ठरली. सापळ्यातून निसटणाऱ्या आरोपींनी पूर्वी ज्या-ज्या फटी शोधल्या होत्या, त्या हेरून बुजवल्याच्या खुणा या दुरुस्त्यांत दिसतात.

कायद्यापेक्षा त्याचा वापर कोणावर होतो, यावर लोकांचे लक्ष होते. १९६६ मध्ये माजी मंत्री तान किया गान यांच्यावर विमानखरेदीच्या व्यवहारात एका कंपनीला मदत केल्याचा ठपका आला. खटल्यापुरता पुरावा जमला नाही, तरी सरकारने त्यांना सगळ्या सरकारी नेमणुकांवरून दूर केले. १९७५ मध्ये पर्यावरण खात्याचे राज्यमंत्री वी तून बून तुरुंगात गेले. एका गृहबांधणी व्यावसायिकाने त्यांच्या कुटुंबाला फुकट इंडोनेशियाची सहल घडवली होती, पाच लाख डॉलरचा बंगला दिला होता, आणि त्यांच्या वडिलांच्या नावावर बँकेतून उचललेल्या तीन लाख डॉलरना स्वतः हमी राहिला होता. बदल्यात मंत्री त्याची कामे सरकारी कचेऱ्यांतून पुढे सरकवत. साडेचार वर्षांची शिक्षा अपिलात अठरा महिन्यांवर आली, पण दोष कायम राहिला. ब्यूरो तोवर पंतप्रधानांच्या कार्यालयाखाली आला होता. तिथल्या तपासनिसाला मंत्र्याच्या दारावर थाप मारण्यासाठी कोणत्याही खात्याच्या सचिवाची परवानगी लागत नव्हती.

सर्वांत खोल परिणाम केला तो तेह चिआंग वान यांच्या प्रकरणाने. हा साधा मंत्री नव्हता. सिंगापूरच्या बहुसंख्य कुटुंबांना घर देणाऱ्या गृहनिर्माण मंडळाच्या उभारणीत वर्षानुवर्षे आघाडीवर राहिलेला, राष्ट्रीय विकास खाते सांभाळणारा ज्येष्ठ माणूस. १९८१ आणि १९८२ मध्ये प्रत्येकी चार लाख डॉलर घेतल्याचा त्यांच्यावर आरोप होता. एका प्रकरणात सरकारने संपादित करायची जमीन काही अंशी मालकाकडेच राहू देण्यासाठी, दुसऱ्यात सरकारी जमीन एका विकसकाला मिळावी म्हणून. नोव्हेंबर १९८६ मध्ये चौकशी सुरू झाली. पैसे परत करतो, प्रकरण मिटवा, ही त्यांची विनवणी ब्यूरोने मानली नाही. १४ डिसेंबर रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या मृत्यूनंतर कायद्यातला एक दोष समोर आला. आरोपी मेला की खटला संपतो आणि पैसा वारसांकडे राहतो. १९८९ मध्ये त्यावर नवा कायदा झाला. लाचेतून मिळवलेली संपत्ती आरोपीच्या मृत्यूनंतरही जप्त करता येऊ लागली. त्याच वर्षी लाचेचा कमाल दंड दहा हजारांवरून एक लाख डॉलरवर नेला गेला.

मंत्र्यांच्या प्रकरणांची चर्चा होते, पण सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यात फरक पडला तो कचेरीच्या खिडकीवर. ब्यूरोने पकडणे आणि रोखणे ही दोन कामे वेगळी मानली नाहीत. एखाद्या खात्यात प्रकरण घडले, की शिक्षेनंतर त्या खात्याची कामाची पद्धत तपासली जाई. परवाना कुठे अडतो, कोणाच्या मर्जीवर अडतो, एकाच माणसाकडे किती वर्षे तीच खुर्ची आहे, हे पाहून बदल सुचवले जात. दप्तरदिरंगाई हीच लाचेची खरी जननी आहे, हे या यंत्रणेने फार लवकर ओळखले. ज्या कामाला ठरलेली मुदत आहे आणि ठरलेली फी आहे, तिथे चिरीमिरी मागायला जागाच उरत नाही. सरकारी नोकराला मालमत्तेचे विवरण द्यावे लागते आणि आपण कर्जात बुडालेलो नाही, असे दरवर्षी लिहून द्यावे लागते. विनातारण कर्ज तीन महिन्यांच्या पगाराच्या पलीकडे गेले, की तो आर्थिक अडचणीत असल्याचे मानले जाते. पोलिसांच्या बाबतीत या नियमाला फार अर्थ आहे. जुगारात हरलेला, सावकाराच्या तावडीत सापडलेला शिपाई अड्डेवाल्याला सर्वांत स्वस्तात मिळतो. कॅसिनो सुरू झाल्यानंतर तिथे वारंवार जाणाऱ्या सरकारी नोकरांना त्याचीही नोंद करण्याचे बंधन आले. कामाच्या निमित्ताने मिळालेली भेटवस्तू खात्याकडे जमा करायची, आणि हवीच असेल तर सरकारने ठरवलेली किंमत मोजून घ्यायची, असा दंडक आहे.

लाच देणाऱ्यालाही यातून सूट नाही. वीज, पाणी आणि गॅस पुरवणाऱ्या सार्वजनिक मंडळाचा एक उपमुख्याधिकारी कंत्राटदारांकडून १.३८ कोटी डॉलरहून अधिक कमिशन घेतल्याबद्दल १९९५ मध्ये चौदा वर्षांसाठी तुरुंगात गेला. पुढच्या वर्षी या प्रकरणात गुंतलेल्या पाच परदेशी कंपन्यांना सरकारी कंत्राटांतून पाच वर्षांसाठी बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या टोकाला, २०१८ मध्ये मालाच्या कंटेनरांच्या आवारात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या दोन कामगारांवर एकेक डॉलर घेतल्याचे आरोप दाखल झाले. ट्रकचालकांना ताटकळत ठेवू नये, यासाठी ते हे पैसे घेत. दोघेही खासगी नोकर होते. सिंगापूरचा कायदा सरकारी आणि खासगी लाचेत भेद करत नाही, आणि आज ब्यूरोकडे येणाऱ्या प्रकरणांत साधारण दहांत नऊ खासगी क्षेत्रातली असतात.

पगारवाढ आली ती या सगळ्यानंतर. १९७२ पासून सरकारी वेतन टप्प्याटप्प्याने वाढू लागले, कारण तोवर अर्थव्यवस्था वाढली होती आणि हुशार अधिकारी खासगी कंपन्यांकडे वळू लागले होते. १९९४ च्या श्वेतपत्रिकेने मंत्री आणि ज्येष्ठ सनदी अधिकारी यांचे वेतन खासगी क्षेत्रातल्या सर्वाधिक कमावणाऱ्यांच्या उत्पन्नाशी बांधले आणि सिंगापूरचे मंत्री जगातले सर्वाधिक पगार घेणारे मंत्री झाले. लोकांना हे कधीच पूर्णपणे पटले नाही. २०११ च्या निवडणुकीत नाराजी उघड झाली आणि २०१२ मध्ये पंतप्रधानांचे वेतन ३६ टक्क्यांनी कमी करण्यात आले. चांगला पगार चांगल्या माणसाला टिकवतो आणि शिपायाला घर चालवता येईल इतके देणे हा न्यायच आहे. पण वी तून बून आणि तेह चिआंग वान यांना गरिबीने लाच घ्यायला लावली नव्हती. पगाराची मात्रा लाचेवर किती चालते, याचे उत्तर सिंगापूरच्याच नोंदींत आहे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही लपलेल्या नाहीत. ब्यूरो पंतप्रधानांना जबाबदार आहे, म्हणजे पंतप्रधान स्वच्छ असेल तोवर ब्यूरोचे बळ टिकते. यावर उपाय म्हणून १९९१ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला एक अधिकार दिला. पंतप्रधानाने तपासाला नकार दिला, तर राष्ट्राध्यक्षाच्या संमतीने ब्यूरोचा संचालक तपास पुढे नेऊ शकतो. ही तरतूद महत्त्वाची आहे, पण १९५९ पासून एकाच पक्षाची सत्ता असलेल्या आणि वृत्तपत्रांवर सरकारचे घट्ट नियंत्रण असलेल्या देशात तिच्यावर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. खुद्द ब्यूरोही मोहापासून मुक्त नव्हता. त्याच्या एका सहायक संचालकाने २००८ ते २०१२ या काळात संस्थेचेच सुमारे १७.६ लाख डॉलर लाटले आणि ते जुगारात उडवले. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

जुलै २०२३ मध्ये वाहतूकमंत्री एस. ईश्वरन यांना ब्यूरोने अटक केली. दोन उद्योगपतींकडून त्यांनी फॉर्म्युला वन शर्यतीची आणि नाटकांची तिकिटे, दोह्याचा विमानप्रवास, मद्य, एक सायकल अशा वस्तू स्वीकारल्या होत्या. एकूण किंमत चार लाख डॉलरच्या वर. खटला उभा राहताना भ्रष्टाचाराचे मूळ आरोप बदलून कलम १६५ लावण्यात आले. आपल्या कामाशी संबंध असलेल्या माणसाकडून मोबदला न देता मौल्यवान वस्तू घेणे, एवढाच या कलमाचा गुन्हा आहे. त्या बदल्यात काही काम करून दिल्याचे सिद्ध करावे लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांना बारा महिन्यांची कैद झाली. सरकारी वकिलांनी मागितली होती त्यापेक्षा ही शिक्षा जास्त होती, आणि जवळजवळ पन्नास वर्षांत तुरुंगात गेलेले ते पहिले मंत्री होते.

दुसऱ्या एका प्रकरणाने मात्र अनेकांची निराशा केली. सरकारशी निगडित असलेल्या केपेल समूहाच्या जहाजबांधणी कंपनीने ब्राझीलमधली कंत्राटे मिळवण्यासाठी २००१ ते २०१४ या काळात सुमारे साडेपाच कोटी अमेरिकी डॉलरची लाच दिली होती. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिका, ब्राझील आणि सिंगापूर या तिन्ही देशांशी तडजोड करून ४२.२ कोटी अमेरिकी डॉलर भरले. व्यक्तींचा प्रश्न उरला होता. जानेवारी २०२३ मध्ये ब्यूरोने जाहीर केले की सहा माजी वरिष्ठ कर्मचाऱ्यांवर खटला भरण्याऐवजी त्यांना कडक ताकीद देण्यात आली आहे. साक्षीदार परदेशात आहेत आणि कागदपत्रांतून गुन्हा सिद्ध होण्याइतका पुरावा मिळत नाही, असे कारण सरकारने दिले. संसदेत त्यावर प्रश्न विचारले गेले.